गोळ्यांवरची तीन बोटं

आमच्या सासूबाई हल्ली स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून विचारतात, "पाणी घेऊ काय वो?" याच घरात त्या नवरी होऊन आल्या. माठ कुठे ठेवायचा, मिठाची बरणी कोणत्या फळीवर राहील, हे त्यांनीच ठरवलेलं. आणि त्या मला विचारतात. टोमणा असता तर बरं झालं असतं बाप्पा! टोमण्याला टोमणा मला देता येतो, आमच्या तुमसरात माझी जीभ सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या टोमणा मारत नाहीत. खरंच विचारतात, आणि मी "घ्या" म्हणेपर्यंत उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहतात.

कशावरून झालं हे सगळं, तर इंग्लिश मफिनवरून. हसा खुशाल, मीही हसले असते.

लेक माझी पुण्याला नोकरी करते. भादव्यात तिला सातवा लागला तसं आम्ही तिला बाळंतपणाला घरी आणलं. मागच्या वर्षी तिला दिवस राहिले होते आणि तिसऱ्या महिन्यातच पोट पडलं. तेही इथेच, चार दिवस माहेरपणाला आली असताना. म्हणून या खेपेला घरात सगळेच जपून वागत होते. हे, म्हणजे माझे यजमान, तिच्या खोलीशी चपलाही वाजू देत नव्हते. सासूबाई रोज संध्याकाळी तिची दृष्ट काढायच्या. मीठ-मोहरी चुलीत टाकायला चूल उरली नाही, म्हणून गॅसवर तवा तापवून त्यावर टाकायच्या आणि सगळं घर खोकायचं.

पण पोट्टी खाईना. भाताचा वास नको म्हणाली. आता तुमसरात राहायचं आणि भाताचा वास नको म्हणायचं, तर जायचं कुठे? इथे गिरण्या चालू असल्या की वाऱ्यालाच धानाचा वास येतो. वरण नको, पोळी नको, माझ्या हातची आंबट-गोड कढी नको. एक दिवस रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई, तिकडं ऑफिसखाली इंग्लिश मफिन मिळायचे. तेवढेच पोटात राहायचे गं."

मला वाटलं कागदाच्या वाटीतला गोड केक. तिनं मोबाइलवर दाखवला. तर तसं नव्हतं. तळहाताएवढी गोल, जाड, चपटी भाकरीच म्हणा ना. मैद्याची, यीस्ट घालून फुगवलेली, भट्टीत न टाकता तव्यावर मंद भाजलेली. मधून दोन भाग करायचे, आत सगळी भोकंच भोकं, त्या भोकांत लोणी मुरवायचं. यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "हे तर आपले पानगे आहेत. फक्त इंग्रजी शाळेत गेलेले."

मी म्हटलं, करते. तवा माझा, हात माझा, असे काय लागून गेलेत ते मफिन!

पहिल्या खेपेला दूध जरा जास्तच गरम झालं आणि यीस्ट मेलं. ते मरतं हेच मला माहीत नव्हतं. पीठ दिवसभर झाकून ठेवलं तरी जसंच्या तसं. दुसऱ्या खेपेला पीठ हाताला चिकटतंय म्हणून मी मैदा घालत गेले, घालत गेले, आणि जे निघाले ते यांनी टेबलावर ठोकून पाहिले. म्हणाले, आमच्या गिरणीत मशीनखाली टेकू द्यायला कामी येतील. लेक हसली, पण उपाशीच राहिली. मला झोंबलं. माझ्या स्वयंपाकाला कोणी हसलेलं मला चालत नाही, हा माझा जुना रोग.

सासूबाई रोज बाजूला पाटावर बसून लसूण सोलत हे सगळं पाहत होत्या. पितरपंधरवडा चालू झाला होता. माझ्या सासऱ्यांची तीथही जवळ आली होती. त्या एकदाच म्हणाल्या, "पितरं सरू दे ना वो, मंग कर."

"आई, तिच्या पोटाले पंधरवडा समजते काय?" मी म्हटलं. त्या लसूण सोलत राहिल्या.

तिसऱ्या खेपेला मी जिद्दीनं केलं. दूध बोट बुडवून पाहिलं, अंगाला सोसेल एवढंच कोमट. यीस्ट फसफसलं तेव्हा मी एकटीच ओट्याशी टाळी वाजवली. पीठ या वेळी सैलच ठेवलं, चिकटलं तर चिकटू दे म्हटलं. तासाभरानं ते दुप्पट झालं, बोट लावलं की थरथरायचं. तेलाच्या हातानं मी त्याचे गोळे केले. मोबाइलवर सांगितलं होतं की खाली मक्याचा जाडसर रवा पसरा. इथे मक्याचा रवा कुठून आणू? पण तांदळाची कनकी, म्हणजे गिरणीतून निघणारा तांदळाचा चुरा, आमच्या घरी पोत्यानं. ती मिक्सरला फिरवून परातीत पसरली आणि त्यावर गोळे ओळीनं मांडले. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले की चव येते, असं लेक म्हणाली होती. मी वर ओला फडका टाकला, परात खालच्या फळीवर सरकवली आणि मोठ्या समाधानानं झोपायला गेले.

आता लिहिताना ते गोळे मला दिसतात. पांढरे, गोल, ओळीनं मांडलेले, खाली तांदूळ, आणि पितृपंधरवड्याचे दिवस. तेव्हा मला एवढंच दिसलं की किती छान जमले!

सकाळी फडका काढला आणि माझं डोकंच फिरलं. एकूण एक गोळ्यावर तीन बोटं दाबलेली. वरवर नाही, खोल. वरची साय फाटली होती, हवा निघून गोळे बसले होते, काही एकमेकांना चिकटले होते. घरात रात्री सगळ्यांत शेवटी स्वयंपाकघर आवरणारं माणूस एकच. दूध तापवून, विरजण लावून, दूध फ्रिजमध्ये ठेवून, ओटा पुसून सासूबाई दिवा बंद करतात. किती वर्षांचा शिरस्ता.

"आई!" मी तिथूनच ओरडले. त्या न्हाऊन तुळशीला पाणी घालून येत होत्या. हातात तांब्या होता. "हे काय करून ठेवलं तुम्ही? बोटं काहून लावले याले?"

त्या परातीकडे पाहत राहिल्या.

न बोलणाऱ्या माणसाचा मला जास्त राग येतो. मी सुटले. तीन दिवस मी राबून राहिली, पोट्टी उपाशी आहे, तुम्हाले समजत नाही तर हात काहून लावता, जे नाही ते बोलले. लेक आवाजानं उठून दारात आली होती, पोटाला हात लावून उभी होती. आणि तिच्या समोर मी म्हटलं, "तुमचा हात लागला की वाटोळंच होते!"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. लेकीकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पदरात घेतले. "हो वो," एवढंच म्हणाल्या आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसल्या.

मी रागारागात तेच गोळे तव्यावर टाकले. वाकडेतिकडे झाले, पण आत भोकं पडली होती. लेकीनं मुकाट्यानं दोन खाल्ले. खाताना म्हणाली, "आई, पुन्हा गोल करून तासभर ठेवले असते तरी झालं असतं." मी तिला म्हटलं, तू गुमान खा.

संध्याकाळी पोळ्या झाल्या. कणकेचा एक गोळा उरला. मी तो डब्यात ठेवला, आणि झाकण लावायच्या आधी माझ्या हातानं आपोआप त्याच्यावर तीन बोटं टेकवली.

मी तशीच उभी राहिले. फ्रिजचं दार उघडं, आतला गार वारा पायांवर.

लग्न होऊन या घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला हे शिकवलं होतं. मळलेला गोळा रात्री तसाच ठेवायचा नाही. बिनबोटांचा गोळा म्हणजे पिंड. तो पाहून गेलेली माणसं येतात, त्यांना वाटतं आपल्यासाठीच ठेवलाय. त्यावर बोटं टेकवली की तो जित्या माणसांचा होतो. तेव्हापासून मी एकही रात्र चुकवलेली नाही. आजारी असताना यांना ओरडून सांगितलंय, बोटं लावा हो त्याले! विश्वास आहे की नाही, कोण विचार करतं? हात करतो. पण मैदा, यीस्ट, मोबाइलवरचा प्रकार, त्यात माझ्या हाताला गोळा दिसलाच नाही. मला वाटलं असावं की विलायती पिठाला आपले पितर कशाला विचारतील!

सासूबाईंना मात्र दिसलं. पितरांचे दिवस, घरात गर्भारीण, तीही एकदा पोळलेली, आणि फ्रिजमध्ये तांदळावर मांडलेली पिंडांची ओळ. त्यांनी रात्री एकटीनं उभं राहून एकेका गोळ्यावर बोटं टेकवली असतील, चांगली दाबून, एकही सुटू नये म्हणून. आणि सकाळी मी विचारलं तेव्हा त्या बोलल्या नाहीत, कारण लेक दारात उभी होती. पोटुशीच्या कानावर पिंड हा शब्द पडू द्यायचा नाही, म्हणून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

मी लगेच ओसरीवर जायला हवं होतं. पाय धरायला हवे होते. त्याऐवजी मी काय केलं, तर चहा केला. आलं जास्त घातलं, त्यांना आवडतं म्हणून. त्यांनी तो घेतला, कप विसळायला आल्या, आणि दारात थांबून म्हणाल्या, "येऊ काय वो आत?"

तिथून ते सुरू झालं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विरजण लावणं सोडलं. दृष्ट काढणं सोडलं. लेकीच्या जवळ बसत, पण हात मांडीवर नाही तर पदरात. आधी येता-जाता तिच्या केसांवरून हात फिरवायच्या, ते बंद. मी यांना म्हटलं, आई रागावल्यात. हे म्हणाले, "रागावली असती तर जेवली नसती. तू बोल ना एकदा तिच्याशी, तोंड झिजते काय?" तोंडच तर झिजत नाही माझं. वाईट बोलायला मला विचार करावा लागत नाही. चांगलं बोलायचं म्हटलं की दातखीळ बसते.

मग एक दुपारी लेकीनं सांगितलं. आम्ही दोघी गहू निवडत बसलो होतो. ती खाली मान घालून म्हणाली, "आई, आजीनं काल मला विचारलं. मागच्या वर्षी माझं पोट दुखत होतं तेव्हा तिनं तेल लावून दिलं होतं ना. म्हणाली, माझ्या हातानंच तर नाही झालं ना बाई?"

गव्हातला खडा माझ्या चिमटीत तसाच राहिला. मागच्या वर्षीचं ते तेल माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, कोणाचा काही दोष नाही. पण मी म्हटलं काय होतं? तुमचा हात लागला की वाटोळंच होते. कोणाकडे पाहून म्हटलं होतं? त्या म्हातारीनं वर्षभर मनात दाबून ठेवलेली भीती मी तिला खरी करून दिली. मैद्याच्या गोळ्यांपायी.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"मी म्हटलं, नाही गं आजी, वेडी का तू? पण ती म्हणाली, तुझ्या आईलेही तसंच वाटते."

दसरा झाल्यावर मी पुन्हा मफिन केले. मला वाटलं होतं, बोलता येत नाही तर करून दाखवू. गोळे केले, कनकीवर मांडले, आणि त्यांना हाक मारली, "आई, या ना. बोटं टेकवून द्या याले."

त्या आल्या. परातीपाशी उभ्या राहिल्या. "कुठं लावू?"

"तुम्ही लावता तशी."

"खराब होईन ना?"

"होऊ द्या."

त्यांनी एका गोळ्याला एकच बोट लावलं, इतकं हलकं की खूणही राहिली नाही. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. दुसऱ्या गोळ्याला लावलं, पुन्हा पाहिलं. तिसऱ्याला लावता लावता थांबल्या आणि म्हणाल्या, "बस झालं वो. बाकीच्याले तूच लाव." आणि नळाखाली हात धुतले. पिठाचा कणही लागला नव्हता त्यांच्या हाताला, तरी कितीतरी वेळ धुतले. तेव्हा मी म्हणायला हवं होतं. माझं चुकलं, एवढे दोन शब्द. मी म्हटलं, "टॉवेल तिकडं आहे."

सकाळी मफिन एकदम झकास झाले. मंद तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजले, काट्यानं उकलले, लोणी भोकांत उतरलं. लेकीनं पोटभर खाल्ले. यांनी चार खाल्ले आणि वर म्हणाले, पानग्यांहून जरा कमीच. सासूबाईंनी अर्धा खाल्ला. "मस्त झालं वो," म्हणाल्या. कोणी पाहुणी यजमानणीला म्हणते तसं.

आठवा सरता सरता त्या यांना म्हणाल्या, "मले लाखनीले नेऊन दे पोरीकडं. बाळंतपण झालं की येईन." लाखनीला माझी नणंद असते. ज्या बाईनं नातीच्या बाळंतपणासाठी उन्हाळ्यापासून जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, पणतवंडाला न्हाऊ-माखू मीच घालीन म्हणून गल्लीत सांगितलं होतं, ती ऐन वेळी घर सोडून निघाली. का निघाली ते मला माहीत होतं. आपला हात लेकीला लागू नये म्हणून. हे माझ्याकडे पाहत होते, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी पिशवीत त्यांच्या औषधाच्या गोळ्या भरून दिल्या आणि वर शाल ठेवली. फाटकापर्यंत गेले. मोटरसायकल वळेपर्यंत उभी राहिले. राहा ना, आई, हे माझ्या तोंडून निघालं नाही.

धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालू होती, गिरण्या दिवसरात्र धडधडत होत्या, तेव्हा लेक बाळंत झाली. मुलगी. सुखरूप. भंडाऱ्याहून दवाखान्यातून घरी आलो त्याच दिवशी हे लाखनीला जाऊन आईला घेऊन आले.

बाळंतिणीच्या खोलीच्या दारात त्या उभ्या राहिल्या. प्रवासानं केस विस्कटले होते, हातात दुपट्यांचं गाठोडं. "येऊ काय वो आत?"

"या ना, आई."

त्या आल्या, गाठोडं ठेवलं, पुन्हा बाहेर जाऊन हातपाय धुऊन आल्या. बाजेशी बसल्या. मी बाळ उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी आधी पदर काढला, दोन्ही तळहातांवर नीट पसरला, हाताची कातडी कुठे उघडी राहिली नाही ना ते पाहिलं. मग बाळाकडे नाही, माझ्याकडे पाहून विचारलं, "घेऊ काय वो?"

मला रडू फुटलं. सगळं एकदम तोंडातून आलं, ज्याला इतके महिने दातखीळ बसली होती ते. "आई, माझं चुकलं. तुम्ही बोटं काहून लावले होते थे मले त्याच दिवशी समजलं होतं. तुमच्या हाताले काही झालेलं नाही. माझ्या तोंडालेच झालं होतं. तुमच्या हातानं कोणाचं वाटोळं नाही झालं, आई."

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "रडू नोको," म्हणाल्या, "बाळंतिणीसमोर रडू नाही." मग पदराच्या हातांवर बाळ घेतलं, आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. बाळानं जांभई दिली. लेक हसली.

"पदर काढा ना, आई," मी म्हटलं. "हात लागू द्या तिले."

"राहू दे वो," त्या म्हणाल्या. "थंडी आहे."

बाजेखाली शेगडी पेटलेली होती. आम्हा सगळ्यांना घाम येत होता.